थिबा राजाच्या गावातले दुसरे आवार

१८८६ साली रत्नागिरीत दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवण्यासाठी येथे आणले. त्याच वर्षी शहरात मनोरुग्णांसाठीचे सरकारी इस्पितळ सुरू झाले. थिबाची कथा कादंबऱ्यांत, पर्यटनपत्रकांत आणि शालेय सहलींत जिवंत राहिली. दुसऱ्या आवाराची कथा क्वचितच सांगितली जाते. (धागा)

या इस्पितळामागे १८५८चा छत्तिसावा कायदा होता. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा माणूस पोलिसाने ताब्यात घ्यावा, मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावा, वैद्यकीय अधिकाऱ्याने दाखला द्यावा आणि हुकूम सुटताच त्याची रवानगी व्हावी, अशी त्याची रीत. म्हणजे रुग्णाची पहिली गाठ पडे ती पोलिसाशी. वैद्य नंतर. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद येथे अशी इस्पितळे होती. रत्नागिरी त्या साखळीतली दक्षिण कोकणची कडी.

त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. सावंतवाडी संस्थान वगळता आजचा बहुतेक सिंधुदुर्ग त्यातच मोडे; तो वेगळा झाला १९८१ साली. मंडणगडच्या किंवा मालवणच्या माणसाला रत्नागिरी म्हणजे खाड्या, घाट्या आणि बंदरे ओलांडून जायचे दूरचे गाव. एकदा तेथे पोहोचवलेल्या माणसाला भेटायला पुन्हा कोण येणार, हा प्रश्न इस्पितळाच्या पहिल्या दिवसापासून होता. आजही तो सुटलेला नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न आत न गेलेल्यांचा होता. पोलिसाच्या नजरेत भरतो तो आरडाओरडा करणारा, रस्त्यावर फिरणारा. ज्या बाईला महिनोन् महिने झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही, ती कोणाच्या नजरेत भरणार? कोकणातला पुरुष गिरणीत राबायला मुंबईस गेलेला, मनिऑर्डरीवर चूल पेटायची, घरात सासू, लेकरे आणि खोताचे देणे. अशा घरातल्या दुःखाला इस्पितळात नाव नव्हते. गावात मात्र त्याला नाव होते: बाहेरची बाधा. मग गुरवाकडे कौल लावणे, भगताकडे जाणे, देवाला गाऱ्हाणे घालणे. याला नुसते अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. पण हाकेच्या अंतरावर बसून ऐकून घेणारे दुसरे होते कोण?

१९२०च्या सुमारास देशभर ‘वेड्यांच्या इस्पितळां’ची पाटी बदलून ‘मनोरुग्णालय’ झाली. आतली व्यवस्था त्या वेगाने बदलली नाही. १९४६च्या भोर समितीपुढे आलेल्या पाहणीत ब्रिटिश हिंदुस्थानातील १९ मनोरुग्णालयांत मिळून १०,१८१ खाटा होत्या. लोकसंख्या चाळीस कोटींच्या घरात. पुढे महाराष्ट्राच्या वाट्याला चार प्रादेशिक मनोरुग्णालये आली. येरवड्यात २,५४० खाटा, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५. यांपैकी ठाणे आणि येरवडा ही नावे मराठीत चक्क थट्टेची झाली. ज्या गावाच्या नावाने पोरे एकमेकांना चिडवतात तेथे उपचाराला जायचे धाडस कोण करील?

खाटा वाढवून हे सुटणार नाही, हे प्रथम काही डॉक्टरांच्याच लक्षात आले. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहू दिले. रोगी लवकर बरे होऊ लागले, आणि घरी परतलेल्या नातेवाइकांना आजार म्हणजे काय हे कळलेले असे. १९७५पासून चंडीगढजवळच्या रायपूर राणी येथे आणि बंगळूरजवळच्या साकळवारा येथे आणखी धाडसी प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि बहुउद्देशीय कर्मचारी यांनाच मनोविकार ओळखायला आणि साधे उपचार चालू ठेवायला शिकवण्यात आले. १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया हाच. कागदावर तो सुरेख होता. जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचायला मात्र १९९६ उजाडावे लागले, आणि तेव्हाही सुरुवात मोजक्याच जिल्ह्यांत झाली.

याच काळात महाराष्ट्रात दोन ठिकाणी ‘आरोग्याचे काम कोण करू शकतो’ या प्रश्नाचे उत्तर बदलत होते. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभारले. तेथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका खेड्यात शिबिर करून राहतात, घरे वाटून घेतात आणि त्या घरांशी पुढेही संबंध ठेवतात. प्रेत फाडून शरीर शिकण्याबरोबरच उंबरठ्यावर बसून माणूस शिकायचा. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. डॉक्टरला जे सांगायला बाई लाजते ते ती शेजारणीला सांगते, हे जामखेडने दाखवले. भर होता माता-बालकांवर, क्षय आणि कुष्ठरोगावर. मनाची पाळी यायची होती.

ती आली रत्नागिरीच्या दक्षिणेला, गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘संगाथ’ संस्थेने २००७ ते २००९ या काळात ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. मनशांती सुधार शोध, हे त्याचे कोंकणी नाव. १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने निवडले. उदासी आणि चिंतेच्या रुग्णांशी बोलायला नेमल्या त्या मानसशास्त्रज्ञ नव्हे, तर आरोग्यक्षेत्राशी काही संबंध नसलेल्या स्थानिक पदवीधर तरुणी. प्रशिक्षण सुमारे दोन महिन्यांचे.

त्यांनी करायचे काय? आधी ऐकायचे. मग रुग्णाला सांगायचे की अंगदुखी, झोपमोड, थकवा ही मनाच्या आजाराचीही लक्षणे असतात आणि तो बरा होतो. नात्यांतली गाठ कोठे बसली आहे ते त्याच्याबरोबर शोधायचे. गोळ्या लागत असतील तर डॉक्टरकडे पाठवायचे, आणि ठरल्या दिवशी तो आला नाही तर चौकशी करायची. हे शेवटचे काम किरकोळ वाटते. पण जुन्या इस्पितळातून बाहेर पडलेल्या माणसाची चौकशी करणारा कोणीच नसे, हे आठवले म्हणजे त्याचे मोल कळते.

२०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत या तरुणींची मदत मिळालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते. जेथे ही मदत नव्हती तेथे सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. आकड्यांतली ही खरी गोम आहे. लाभ झाला तो सरकारी केंद्राच्या बाकावर बसणाऱ्याला, म्हणजे ज्याला तज्ज्ञ परवडत नाही त्यालाच.

यानंतर वाट रुंदावली. नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने ४१ गावांत गावकऱ्यांनाच दुःख ओळखायला आणि धीर द्यायला शिकवले. साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्थेने ‘मानसमित्र’ घडवले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीशी हे काम जोडलेले असल्याने भगताकडे जाणाऱ्या माणसाशी भांडण्यापेक्षा त्याच्या जोडीने चालणे त्यात महत्त्वाचे ठरते. बिहारमधील शाळांच्या एका अभ्यासात मुलांसाठीचा कार्यक्रम खास नेमलेल्या बिगरतज्ज्ञ समुपदेशकांनी राबवला तेव्हा शाळेचे वातावरण सुधारले. तोच शिक्षकांनी राबवला तेव्हा फरक पडला नाही. आधीच दहा कामे अंगावर असलेल्या माणसाला अकरावे काम देऊन मनाचा आजार बरा होत नाही, असाच त्याचा अर्थ दिसतो.

हाच इशारा विद्यार्थ्यांच्या बाबतीतही लागू पडतो. महाविद्यालयातील मुलामुलींना दोन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र देऊन वाडीवर पाठवणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ‘मानस’च्या तरुणींवर सतत देखरेख होती, अवघड रुग्णासाठी मागे मनोविकारतज्ज्ञ होता, आणि त्या पगारी होत्या. कोकणात आणखी एक अडचण आहे. वाडीत सगळेच भावकी. जिच्याजवळ मन मोकळे करायचे ती चुलत नणंदच निघाली तर? म्हणून गुप्तता हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असावा लागतो, आणि मरणाची भाषा करणाऱ्या माणसाला एकट्याने सावरण्याचा प्रयत्न न करता तत्काळ तज्ज्ञाकडे नेणे हा दुसरा. शिवाय शिकलेले पोर नोकरीला मुंबईला जाते. गिरण्या बंद झाल्या तरी ती वाट चालूच आहे.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की कुटुंब स्वीकारत नाही किंवा घर नाही एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. १८५८च्या कायद्यात पोलिसाला रस्त्यावरच्या माणसाला आत नेण्याचे काम नेमून दिले होते. नव्या कायद्याने त्याला बाहेर आणून समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ची मोफत सेवाही आहे. रत्नागिरीचे मनोरुग्णालय आजही तेथेच आहे. तेथून बरा होऊन निघालेला माणूस एस.टी.तून आपल्या फाट्यावर उतरतो, पिशवीत महिन्याभराच्या गोळ्या असतात, आणि वाडीपर्यंतची पायवाट त्याला एकट्यालाच चालायची असते.