काठी शस्त्र की साधन? चेन्नईतील पथसंचलनाच्या निमित्ताने

स्वयंसेवी संघटनेच्या कार्यकर्त्याने गणवेश चढवून, खांद्यावर काठी टेकवून भररस्त्यातून रांगेने चालावे काय, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. तमिळनाडूत मात्र राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या पथसंचलनाचा वाद सप्टेंबर २०२२ पासून एप्रिल २०२३ पर्यंत मद्रास उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यासमोर चालला. वाद परवानगीचा होता. परंतु परवानगीच्या अटींत एक अट अशी होती की, तिच्यामुळे भारतीय कायद्यातील एक जुनी संदिग्धता पुन्हा समोर आली. सहभागी होणाऱ्यांनी काठी, लाठी किंवा इजा करू शकेल असे कोणतेही शस्त्र आणू नये, अशी ती अट होती.

इतर अनेक राज्यांत विजयादशमीच्या पथसंचलनात स्वयंसेवकांच्या हाती दंड दिसतो आणि तो गणवेशाचाच भाग मानला जातो. चेन्नईत न्यायालयाने तो घरी ठेवण्यास सांगितले.

वादाचा घटनाक्रम

संघाने २ ऑक्टोबर २०२२ रोजी राज्यभर पथसंचलने काढण्यासाठी पोलिसांकडे अर्ज केले होते. त्यांवर निर्णय होईना, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती जी. के. इलंथिरैयन यांनी २२ सप्टेंबर रोजी सशर्त परवानगी देण्याचे निर्देश दिले. कोणत्याही व्यक्ती, जाती वा धर्माविषयी अनुचित बोलू नये, बंदी असलेल्या संघटनांच्या बाजूने काही व्यक्त करू नये, रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे व वाहतूक अडवू नये, पाणी व प्रथमोपचाराची सोय आयोजकांनी करावी, अशा अटींबरोबर काठी-लाठीची अटही होती.

त्यानंतर सहाच दिवसांनी, २८ सप्टेंबर रोजी, केंद्र सरकारने पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडिया या संघटनेवर बंदी घातली. त्याच सुमारास कोइंबतूर व अन्य काही ठिकाणी पेट्रोल बाँब फेकण्याच्या घटना घडल्या होत्या. कायदा व सुव्यवस्थेचे कारण देऊन राज्य सरकारने पथसंचलनांना परवानगी नाकारली. विदुथलै चिरुथैगळ कच्ची आणि डाव्या पक्षांनी त्याच दिवशी सामाजिक सलोख्यासाठी मानवी साखळी आयोजित केली होती. तिलाही नकार मिळाला, ही बाब पुढे झालेल्या चर्चेत फारशी आली नाही.

संघाने ६ नोव्हेंबर ही नवी तारीख मागितली. ४ नोव्हेंबरच्या आदेशात न्यायालयाने बहुतेक ठिकाणी परवानगी दिली. पण संचलन रस्त्यावर नव्हे, तर मैदान किंवा स्टेडियमसारख्या बंदिस्त आवारात व्हावे, असे सांगितले. चार भिंतींत संचलन करण्यास संघ तयार नव्हता. १० फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती आर. महादेवन आणि न्यायमूर्ती मोहम्मद शफीक यांच्या खंडपीठाने नोव्हेंबरचा आदेश रद्द ठरवला आणि २२ सप्टेंबरचा आदेश पुन्हा लागू केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ एप्रिल रोजी न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन व न्यायमूर्ती पंकज मिथल यांनी सरकारची अपिले फेटाळली. सरकारने स्वतःच सादर केलेल्या तक्त्यांवरून अनेक प्रकरणांत संघटनेचे सदस्य पीडित असल्याचे दिसते, ते हल्लेखोर नव्हते, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले. १६ एप्रिलला चेन्नईसह राज्यात ठिकठिकाणी संचलने निघाली.

सरकारची भीती आणि संघटनेची तक्रार या दोहोंमागे इतिहास आहे. ८ ऑगस्ट १९९३ रोजी चेन्नईतील चेटपेट येथील संघाच्या कार्यालयात बाँबस्फोट होऊन ११ जणांचा मृत्यू झाला होता. १४ फेब्रुवारी १९९८ च्या कोइंबतूर स्फोटमालिकेच्या आठवणी तर त्या शहरात आजही ताज्या आहेत. संघटना म्हणते, मार आम्ही खाल्ला आहे. प्रशासन म्हणते, ठिणगी कोणाचीही असो, आग आम्हालाच विझवावी लागते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असल्यामुळेच हे प्रकरण दिल्लीपर्यंत गेले, असे म्हणता येईल.

'विनाशस्त्र' एकत्र येण्याचा हक्क

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (ख) नुसार नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. (मराठी बातमीपत्र वाचणाऱ्याची जीभ या शब्दात हमखास 'विनाशा'पाशी अडखळते. 'विना' आणि 'शस्त्र' यांच्यामध्ये क्षणभर थांबल्याशिवाय अर्थ लागत नाही.) म्हणजे एकत्र जमण्याचा हक्क मूलभूत असला, तरी हातात शस्त्र येताच घटनेचे हे संरक्षण संपते. मग शस्त्र म्हणजे नेमके काय, या व्याख्येवर सारे येऊन ठेपते.

शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांना द्यावा काय, यावर घटना समितीतही चर्चा झाली होती. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची मागणी केली होती. त्याच धर्तीवर एच. व्ही. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परकीय सत्तेने भारतीयांना निःशस्त्र केले, त्या काळातील ही मागणी होती आणि आता परिस्थिती बदलली आहे. शिवाय असा हक्क मूलभूत केला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. अपवाद एकच राहिला. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार कृपाण धारण करणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जातो.

अमेरिकेत हे चित्र नेमके उलटे आहे. तेथे अनेक राज्यांत पिस्तूल कमरेला उघडपणे लावून फिरण्याची मुभा आहे आणि ते नको असेल तर ते सांगण्याची जबाबदारी संस्थेवर पडते. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना अशी मुभा मिळाली. तेव्हापासून तेथील देवळे, चर्च, धर्मादाय संस्था आणि मंडळांना आपल्या आवारात अशा व्यक्तीस मनाई करायची असल्यास दारावर कायद्याने ठरवून दिलेल्या मजकुराचा फलक लावता येतो. तो इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. भारतात असा फलक लावण्याची वेळ संस्थांवर येत नाही. परवाना असलेल्यालाही सार्वजनिक ठिकाणी बंदूक परजत फिरता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नकार्यात बेदरकारपणे हवेत गोळीबार करणे हाही शिक्षापात्र गुन्हा आहे. साहजिकच येथील वाद बंदुकीचा नसून काठी, तलवार आणि त्रिशूळ यांचा असतो.

एक काठी, तीन व्याख्या

१९५९ च्या शस्त्र कायद्यात काठीविषयी स्पष्ट उल्लेख आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू शस्त्र ठरत नाहीत, असे सांगताना कायद्याने उदाहरणादाखल लाठी आणि चालण्याची साधी काठी यांचाच निर्देश केला आहे. या कायद्यानुसार लाठीला परवाना लागत नाही. गुराखी, राखणदार, वारकरी आणि गुडघे दुखणारे आजोबा या सर्वांच्या दृष्टीने ही व्याख्या समंजस म्हणावी लागेल.

महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ याचे कलम ३७ वेगळे बोलते. त्यानुसार जारी होणाऱ्या मनाई आदेशात शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे यांच्याबरोबर काठ्या व लाठ्याही नावानिशी येतात. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर वृत्तपत्रांत 'जिल्ह्यात मनाई आदेश लागू' अशी जी चौकट छापून येते, ती याच कलमाची. म्हणजे काल जी काठी शेतीची वस्तू होती, ती आदेश निघाल्यावर पंधरा दिवसांपुरती शस्त्रांच्या पंक्तीत बसते.

तिसरी व्याख्या याहून विलक्षण आहे. २००५ साली संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १४४ क आणि भारतीय दंड संहितेत कलम १५३ कक यांची भर घातली. मिरवणुकीत शस्त्र नेण्यास, तसेच शस्त्रांसह सामूहिक कवायत वा प्रशिक्षण घेण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याने मनाई करावी आणि ती मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशी ही योजना होती. त्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या स्पष्टीकरणात लाठ्या, दंडुके आणि काठ्या यांचा समावेश केलेला होता. स्वयंसेवी संघटनांच्या कवायतींना थेट लागू पडेल अशी इतकी नेमकी तरतूद त्यापूर्वी केंद्रीय कायद्यात नव्हती. परंतु २३ जून २००६ रोजी त्या दुरुस्ती कायद्याची बहुतांश कलमे अंमलात आली, तेव्हा नेमकी ही कलमे वगळण्यात आली. संसदेने संमत केलेला मजकूर पुस्तकात राहिला, रस्त्यावर उतरला नाही.

गणवेश, बेलचा आणि वेल्लोरचा तुरुंग

स्वयंसेवकांच्या हातातील साधनाविषयीची शासनाची धास्ती स्वातंत्र्यापूर्वीची आहे. ब्रिटनमध्ये ऑस्वाल्ड मोझ्ली यांच्या काळ्या डगलेवाल्यांना आवर घालण्यासाठी १९३६ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था कायदा झाला आणि राजकीय गणवेशावर बंदी आली. भारतात त्या काळी सर्वाधिक गाजले ते अल्लामा मश्रिकी यांचे खाकसार. त्यांच्या खांद्यावर बंदूक नव्हती की लाठी नव्हती. होता बेलचा, म्हणजे फावडे. समाजसेवेचे व श्रमाचे प्रतीक म्हणून ते फावडे मिरवीत. सरकारला मात्र त्यात पाते दिसे. पंजाब सरकारने फेब्रुवारी १९४० मध्ये निमलष्करी कवायतींवर बंदी घातली. १९ मार्च रोजी लाहोरमध्ये खाकसार व पोलिसांची चकमक होऊन तीसहून अधिक खाकसार मारले गेले. मश्रिकी यांना अटक करून ठेवण्यात आले ते मद्रास इलाख्यातील वेल्लोरच्या तुरुंगात. जानेवारी १९४२ मध्ये सुटका झाल्यावरही त्यांना काही काळ मद्रास इलाख्याबाहेर जाण्यास मनाई होती. फावडे ही शेतीची वस्तू की शस्त्र, हा त्या वेळचा पेच आजच्या लाठीच्या पेचाहून निराळा नाही.

१९४० सालीच युद्धकालीन अधिकारांखाली केंद्र सरकारने स्वयंसेवक संघटनांच्या लष्करी धाटणीच्या कवायती व गणवेश यांवर निर्बंध आणले. त्याचा फटका सर्वच रंगांच्या संघटनांना बसला.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. आनंदमार्गी साधूंनी त्रिशूळ, सुरा व कवटी घेऊन सार्वजनिक रस्त्यावर तांडव नृत्य करणे हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कोलकात्याच्या प्रकरणात दिला. एप्रिल २००३ मध्ये राजस्थान सरकारने शस्त्र कायद्याचा आधार घेऊन त्रिशूळ वाटपावर बंदी घातली आणि ती मोडल्याबद्दल विश्व हिंदू परिषदेचे प्रवीण तोगडिया यांना अजमेर येथे अटक झाली. या दोन्ही ठिकाणी धारदार पाते होते, त्यामुळे व्याख्येचा प्रश्न तुलनेने सोपा होता. बांबूला पाते नसते, हीच खरी अडचण आहे.

तमिळनाडूत तर काठीला प्रतिष्ठाही आहे. सिलंबम ही तेथील पारंपरिक काठीविद्या. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नई व राज्यातील अन्य शहरांत झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत ती प्रात्यक्षिक खेळ म्हणून दाखवण्यात आली. मैदानात तीच काठी खेळाचे साहित्य असते आणि मिरवणुकीच्या परवान्यात मनाई केलेली वस्तू.

धोरण लिहितो कोण?

चेन्नईत सभा किंवा मिरवणूक काढायची तर १८८८ च्या शहर पोलीस कायद्याचे कलम ४१ लागू होते. विनापरवानगी जमावास मनाई करणारा पोलीस आयुक्तांचा आदेश मुदत संपताच पुन्हा काढला जातो. त्यामुळे संस्था धार्मिक असो, कामगारांची असो वा पर्यावरणवाद्यांची, तिला आयुक्तालयाकडे जावेच लागते. कार्यकर्त्यांनी हातात काय घ्यावे याचे लेखी धोरण फारच थोड्या संस्थांकडे असते. प्रत्यक्षात ते धोरण पोलिसांच्या परवानापत्रात लिहिले जाते. फलकाची काठी किती जाड असावी, ध्वजाचा दांडा बांबूचा चालेल काय, अशा बाबी स्थानिक अधिकाऱ्याच्या तारतम्यावर राहतात. एका ठाण्यात चाललेला दांडा दुसऱ्या ठाण्यात जप्त होऊ शकतो. अशा वेळी न्यायालयात जाण्याचे बळ मोठ्या संघटनेकडे असते. चाळीस सदस्यांच्या मंडळाने काय करावे?

२०२२ च्या आदेशाचे मोल या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्याने संचलनाचा हक्क मान्य केला आणि काठीला बाजूला ठेवले, तेही ती शस्त्र आहे की नाही याचा तात्त्विक निवाडा न करता. काठी इजा करू शकते, एवढे कारण पुरेसे मानले गेले. व्यवहारासाठी हा मार्ग सोयीचा असला, तरी पुढच्या अर्जाच्या वेळी तोच वाद नव्याने मांडावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पथसंचलनाच्या परवानगीचा प्रश्न पुन्हा मद्रास उच्च न्यायालयासमोर आलाच.

दरम्यान १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता देशभर लागू झाल्या. जुन्या संहितांतील कलम १५३ कक आणि १४४ क त्यांत घेण्यात आलेली नाहीत. नव्या संहितेच्या कलम १८९ नुसार बेकायदा जमावात घातक शस्त्र, किंवा शस्त्र म्हणून वापरल्यास मृत्यू घडवू शकेल अशी कोणतीही वस्तू, घेऊन सामील होणे हा गुन्हा आहे. त्यासाठी आधी जमाव बेकायदा ठरावा लागतो. शांतपणे, परवानगी घेऊन निघालेल्या मिरवणुकीतील लाठीविषयी हे कलम काही सांगत नाही. त्या लाठीचा निर्णय चेन्नईत आयुक्तांच्या परवानापत्रातील अटींवर आणि महाराष्ट्रात कलम ३७ च्या मनाई आदेशावर अवलंबून राहतो.