दर्शक दिवे, कीबोर्डचे (फर्मवेअर)

कॅप्स लॉक, नम लॉक व स्क्रोल लॉक यांची स्थिती दाखवणारे एलईडी दिवे चालवण्यासाठी कीबोर्डच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये साठवलेला प्रोग्रॅम. स्वतः जुळवलेल्या मेकॅनिकल कीबोर्डसाठी हौशी मंडळी तो बहुधा क्यूएमके या मुक्तस्रोत फर्मवेअरच्या आधारे सी भाषेत लिहितात.

पूर्वपीठिका : आयबीएम पीसीच्या (१९८१) मूळ कीबोर्डवर असे दिवे नव्हते, कॅप्स लॉक लागले आहे की नाही, हे अक्षर उमटल्यावरच समजे. १९८४ च्या पीसी एटीबरोबर दिवे आले आणि संगणकाकडून कीबोर्डला आज्ञा पाठवण्याची सोयही झाली.

कार्यपद्धती : कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्ड स्वतःहून दिवा लावत नाही. तो फक्त कळ दाबल्याची वर्दी देतो. संगणक स्थिती बदलतो आणि एका बाइटचा निरोप उलट धाडतो. यूएसबीच्या एचआयडी प्रमाणकानुसार त्यातील पहिली पाच बिटे अनुक्रमे नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक, कंपोझ आणि जपानी काना यांची; उरलेली तीन रिकामी. बाइटचे मूल्य २ आले, तर फक्त कॅप्स लॉक चालू. ३ आले, तर नम लॉकही चालू.

लेखन : साध्या दिव्यासाठी क्यूएमकेच्या ‘इन्फो डॉट जेसन’ फाइलमध्ये मायक्रोकंट्रोलरच्या पिनचे नाव लिहिले की पुरते. वेगळे वर्तन हवे असल्यास ‘एलईडी_अपडेट_यूजर’ हे फंक्शन लिहितात. दिव्यांची स्थिती बदलली की फर्मवेअर ते बोलावते. त्याने ‘फॉल्स’ परत दिले, तर कीबोर्डचे मूळ वर्तन थांबते व आपलेच चालते. दिवा उलटा वागू लागला, तर आधी जोडणी पाहावी. एलईडीचे धन टोक विद्युतपुरवठ्याला आणि ऋण टोक रोधकामार्गे पिनला जोडलेले असेल, तर पिन शून्यावर आल्यावरच तो पेटतो. त्याच फाइलमधले ‘ऑन स्टेट’ शून्य ठेवले की दोष जातो.

लेअरचा (त्याच कळांना निराळे अर्थ देणाऱ्या कळरचनेचा) दिवा मात्र फर्मवेअरने स्वतःच ठरवायचा असतो, कारण लेअर संगणकाला ठाऊकच नसतात.

मर्यादा : मराठी-इंग्रजी अदलाबदल दाखवणारे बिट संगणकाच्या एका बाइटच्या निरोपात नाही. फर्मवेअरने भाषा बदलणारी कळ मोजून दिवा लावला, तरी माउसने भाषा बदलताच तो चुकीचे दाखवतो. संगणकावर छोटा प्रोग्रॅम ठेवून ‘रॉ एचआयडी’ या क्यूएमकेच्या संदेशमार्गाने कीबोर्डला चालू भाषा कळवणे, हाच त्यावरचा भरवशाचा उपाय. दर्शक दिव्यावर टंकलेखक पडताळून न पाहता विसंबतो. म्हणून स्थिती ज्याच्याकडे असते, त्याच्याच सांगण्यावरून दिवा लावावा.