रोहे की रोहा?

ग्रामनामांचा अभ्यास म्हटला की आपल्याकडे प्रथम व्युत्पत्तीचा शोध सुरू होतो. रोह्याच्या बाबतीत 'रुह्' हा संस्कृत धातू, आरोह-अवरोह असे काहीबाही जोडून दाखविणे अवघड नाही. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावर इतिहास उभा राहत नाही. आमच्या मते या नावाचा इतिहास त्याच्या अर्थापेक्षा त्याच्या रूपांत अधिक सापडतो.

कुंडलिकेकाठच्या या गावाला जुनी माणसे 'रोहे' म्हणत आली आहेत. ठाणे, पुणे यांच्याप्रमाणे एकारान्त, नपुंसकलिंगी नाव. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे 'रोहेकर' हा शब्द. ठाण्याचा तो ठाणेकर, पुण्याचा तो पुणेकर. पण साताऱ्याचा मात्र सातारकर. मूळ नाव 'रोहा' असते, तर साताऱ्याच्या न्यायाने 'रोहकर' व्हावयास हवे होते. बडोद्याचीही गोष्ट अशीच. आज मराठी माणूस सर्रास 'बडोदा' म्हणतो, पण आडनाव 'बडोदेकर'च राहिले आहे. गावाचे नाव बदलले तरी आडनाव जुने रूप जपून ठेवते.

मग 'रोहे'चा 'रोहा' झाला कसा? इंग्रजी अमदानीत ठाण्याचे 'ठाणा' आणि पुण्याचे 'पूना' झाले, तसे रोह्याचे स्पेलिंगही आकारान्त झाले. १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तालुक्याचे नाव असेच आकारान्त आहे. ठाणे आणि पुणे यांची स्पेलिंगे पुढे सुधारली गेली. रोह्याचे तसेच राहिले, इतकेच नव्हे तर ते देवनागरीतही उतरले. रेल्वे स्थानक 'रोहा', नगरपरिषद 'रोहा अष्टमी'. (अष्टमी हे नदीपलीकडचे गाव. 'अष्टमीला जातो' या वाक्यात गाव की तिथी, हे परक्याला कळणे कठीणच!)

हा बदल फारसा कोणाला खटकला नाही, याचे कारण आम्हांस व्याकरणात दिसते. 'ठाणे'चे सामान्यरूप 'ठाण्या-' आणि 'सातारा'चे 'साताऱ्या-'. दोन्हींकडे शेवटी 'या'च येतो. त्यामुळे 'रोहे' म्हणणारा आणि 'रोहा' म्हणणारा, दोघेही 'रोह्याला', 'रोह्यात', 'रोह्याहून' असेच बोलतात. गावाचे नाव विभक्तीशिवाय बोलण्याचे प्रसंग तसे थोडेच. फरक उघडा पडतो तो क्रियापदापाशी : रोहे वाढले, की रोहा वाढला? वृत्तपत्रे येथे 'रोहा शहर वाढले' असे लिहून सुटका करून घेतात.

गावाचे नाव असे नकळत बदलले. जिल्ह्याचे मात्र सरकारी आदेशाने. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा झाला. जुने ग्रंथ वाचताना विद्यार्थ्यांची येथे हमखास गल्लत होते, कारण कुलाबा म्हटले की त्यांना मुंबईचे दक्षिण टोक आठवते. अलिबागच्या समुद्रातील किल्लाही कुलाबाच, आणि जिल्ह्याला नाव मिळाले ते त्यावरून. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे नोंदी बिघडतील म्हणून मुंबईच्या कुलाब्यातील चुंबकीय वेधशाळेचे काम १९०४ च्या सुमारास अलिबागला हलविण्यात आले. म्हणजे एका कुलाब्यातून ते दुसऱ्या कुलाब्यात गेले! नव्या नावातही गड आणि जिल्हा यांचा गोंधळ व्हावयाचा, पण बोलणाऱ्यांनी तो सहज टाळला. गड असेल तर 'रायगडावर', जिल्हा असेल तर 'रायगडमध्ये'.

अर्थात सरकारी आदेशाला हद्द असते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात १८३३ पासून 'बॉम्बे' नावाचे एक गाव आहे. १९९५ मध्ये आपल्याकडे बॉम्बेची अधिकृतपणे मुंबई झाली. ते गाव बॉम्बेच राहिले.

आमची काळजी वेगळी आहे. अलीकडे उत्तरपत्रिकांत 'रोहामध्ये', 'रोहाला', 'पुणेला' अशी रूपे दिसू लागली आहेत. 'रोहे' की 'रोहा' हा वाद एक वेळ बाजूला ठेवता येईल, परंतु 'रोह्यात' हे दोन्ही पक्षांचे समान रूप होते आणि आता तेच सुटू लागले आहे. गंमत अशी की, 'रोहामध्ये' लिहिणारा विद्यार्थीही स्वतःची ओळख करून देताना 'मी रोहेकर' असेच सांगतो.