उसनी ऊब

अंड्याचें कवच फोडून नुकतेंच बाहेर आलेलें पिलूं मोठें केविलवाणें दिसतें. अंग ओलें, पाय लटपटते, मान एका बाजूस कललेली. त्यांतून तें थंडीनें गारठलेलें असलें, म्हणजे पाहणारा कळवळून त्याच्या चोचींत दाणा-पाणी घालूं लागतो. हेतु चांगला, पण उपाय उलटा! अशा पिलाची पहिली गरज अन्नाची नसते; उबेची असते. बाहेर पडण्यापूर्वींच अंड्यांत उरलेला बलक त्यानें आपल्या पोटांत ओढून घेतलेला असतो, व त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस त्याचा निर्वाह होऊं शकतो. अंगची उष्णता राखण्याची शक्ति मात्र त्याला प्रारंभीं पुरेशी नसते. ती ऊब आईच्या पंखांखालीं मिळते. आई नसेल, तर ती उसनी आणावी लागते. मनुष्यानें ही उसनी ऊब कशी मिळविली, याचा इतिहास मनोरंजक आहे. आणि तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशीं थांबत नाहीं.

या विद्येचें एक प्राचीन माहेर म्हणजे ईजिप्त. तेथें अंडीं उकिरड्याच्या उबेंत पुरून उबवितात, असें ॲरिस्टॉटलनें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत लिहून ठेविलें आहे. पुढें कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधून एक बोळ, दोहों बाजूंस दुमजली खोल्या, आणि शेण व पेंढा यांचा मंद विस्तव. एकेका भट्टींत हजारों अंडीं मावत. तापमापक नव्हताच, कारागीर अंडें डोळ्याच्या पापणीस लावी आणि उष्णता ओळखी. ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे, आणि अशा भट्ट्या विसाव्या शतकांतहि चालू होत्या.

युरोपांत या प्रश्नास शास्त्रीय वळण दिलें तें फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें. पापणीच्या जागीं त्यानें तापमापक आणला. कोंबडीखालची उष्णता त्याच्या मापानें सुमारें ३२ अंश भरली. सेल्सिअसच्या मापानें हे ४० अंश होत. परंतु १७४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत केवळ अंडीं उबविण्याचाच विचार नाहीं. निघालेलीं पिलें जगवावयाचीं कशीं, याचाहि आहे. त्यासाठीं त्यानें ‘कृत्रिम आई’ तयार केली. ही एक पेटी होती. तिला आंतून मेंढीच्या लोकरीच्या कातड्याचें अस्तर होतें व छत उतरतें होतें. पिलाच्या पाठीस वरून मऊ स्पर्श व्हावा, जणूं आईचें पोटच टेकलें आहे, अशी ती योजना होती.

यानंतरचा प्रसंग पॅरिसमधील आहे. १८७८ सालीं प्रसूतितज्ज्ञ तार्निए यांनीं तेथील एका प्राणि-उद्यानांत कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र पाहिलें. पिलांना जें साधतें तें अपुऱ्या दिवसांच्या बालकांना कां साधूं नये, हा विचार त्यांच्या मनांत आला. यंत्र करणारे ओदिल मार्तँ यांच्याकडूनच त्यांनीं बालकांसाठीं पेटी करवून घेतली, व १८८० सालीं ती पॅरिसच्या प्रसूतिगृहांत ठेविली. दुहेरी भिंती, खालच्या कप्प्यांत गरम पाणी, वर बालकें. रचना इतकी साधी होती. पूर्वीं २,००० ग्रॅमांहून कमी वजनाचीं शेंकडा ६६ बालकें दगावत. पेटी आल्यावर तें प्रमाण शेंकडा ३८ वर आलें.

आणि पुढें चक्र उलट फिरलें. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा शहरीं पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां डॉक्टर एडगर रे यांनीं अशक्त बालक आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याचा उपाय काढला. आज जगभर त्याचा पुरस्कार केला जातो. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा शिकविली. तींतहि बाळास उबेंत ठेवणें हा महत्त्वाचा धडा होता.

तेव्हां गारठलेलें पिलूं हातीं आलें, तर क्रम ध्यानांत ठेवावा. प्रथम मऊ फडक्यानें त्याचें अंग टिपून कोरडें करावें. मग खोक्याच्या एका बाजूस दिवा ठेवून सुमारें ३५ अंशांची ऊब द्यावी. दुसरी बाजू थोडी गार असूं द्यावी. पिलूं दिव्याशीं चिकटून ओरडत राहिलें तर ऊब कमी आहे. दूर जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकूं लागलें तर ती फार झाली. तें स्वतःच आपला तापमापक होय. तें उभें राहून चिवचिवूं लागल्यावर चोच कोमट पाण्यांत हलकेच बुडवावी. दाण्याची कणी त्यानंतर. आधीं ऊब, मग पाणी, शेवटीं अन्न. हा क्रम कोंबडीला कोणी शिकवावा लागत नाहीं. मनुष्याला मात्र तो समजून घ्यावयास पुष्कळ शतकें लागलीं.