ओटीपोटाचे दुखणे : एक राहून गेलेला हिशेब

देवबागच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत रापण ओढली जाते, पाट्या भरतात आणि बाया त्या डोईवर घेऊन बाजार गाठतात. मासळीचा भाव वहीत चढतो, होडीच्या दुरुस्तीचा खर्च चढतो; पाटी उचलणारीच्या ओटीपोटात उठणारी कळ मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. आम्ही पडलो कामगार संघटनेतले. शाळा लवकर सुटली, वैद्यकी तर शिकलोच नाही. परंतु जिची नोंद नाही तिची भरपाई नाही, एवढे या कामात पुरते कळले. त्याच नजरेने या दुखण्याचा इतिहास पाहू.

पहिली नोंद झाली ती बाळंतपणाची. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. 1929 साली कायदा झाला. 1961 साली देशासाठी झाला आणि बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी महिनाभराची पगारी रजा त्यात आली. मोठेच पाऊल ते! पण ज्या दुखण्याचा बाळंतपणाशी संबंध नाही, ते दाराबाहेरच राहिले.

ते दार ठोठावले गडचिरोलीने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के! ‘बायकांचे दुखणे चालायचेच’ म्हणणाऱ्या जगाला हे उत्तर होते.

या दुखण्याचे मूळ एकच नसते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर बाहेर वाढते, जंतुसंसर्ग जुना होतो, अंग बाहेर येते. कधी मूत्राशय, कधी आतडे, तर कधी ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू कारण असतात. पुरुषांनाही हे दुखणे होते. सहा महिन्यांवर टिकले की ते जुनाट समजतात; मग औषध, व्यायामोपचार आणि मनाला आधार, तिन्ही लागतात.

मूळ न शोधता उपाय केला म्हणजे काय होते, ते बीडने दाखविले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल अंगावर. एक खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना पुरेसे पाणी. पोट दुखते, अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली की पिशवी काढण्याचा सल्ला मिळे. 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीसमोर आकडा आला : 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली. म्हणजे सहा जणींत एक! देशाचे प्रमाण सुमारे 3 टक्के होते. मूत्राशयाचे वा स्नायूंचे दुखणे पिशवी काढून जात नाही. बीजकोशही काढले तर हाडे अकाली झिजतात. जिला एक दिवसाची रजा परवडत नव्हती, तिने एक अवयव दिला. रजेची किंमत कोणी चुकविली, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

मग करावे काय? दुखणे केव्हा उठते, किती दिवस राहते, कोणत्या कामाने वाढते, पाळीशी जुळते का, हे दिनदर्शिकेवर टिपावे; डॉक्टरला तो कागद फार उपयोगी पडतो. लाज वाटली तर गावच्या आशाताईला सोबत न्यावे. शस्त्रक्रिया सुचविली, तर तातडीचा प्रसंग नसल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. घरच्या पुरुषांनी त्या दिवसाची पाटी उचलावी. त्याने मिशी उतरत नाही. आणि मच्छी विकणाऱ्या बायांनी एकत्र येऊन बाजारात स्वच्छतागृह, पाणी आणि बसायला सावली मागावी. जवळ स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर लघवी अडवून धरणे हेही दुखण्याला आमंत्रणच आहे.

सोसणे हा बायकांचा धर्म, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. प्रसूतीची रजासुद्धा सोसून मिळाली नाही. मागितली, तेव्हा मिळाली.