मनीऑर्डरीवर जगलेला मुलूख

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड-पोलादपूरकडच्या तरुणांचा आर्थिक इतिहास लिहावयाचा, तर तो सावकाराच्या चोपडीइतकाच टपालखात्याच्या दप्तरातून शोधावा लागेल. कारण भाताच्या एका पिकावर आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरीवर ज्या कुटुंबांचा वर्षभर निर्वाह होत नसे, आणि खोतीच्या गावांत ज्यांच्या पिकाचा वाटा खोताच्या, म्हणजे गावच्या महसुली वतनदाराच्या, घरी जाई, त्यांचा मुलगा मिसरूड फुटते न फुटते तोच मुंबईच्या गिरणीची वाट धरी.

१८८० साली मनीऑर्डरीचा कारभार टपालखात्याकडे आला आणि १८८२ साली टपाल बचत बँक निघाली. पहिली सोय घरोघर पोहोचली. दुसरीत टाकावयास शिल्लकच उरत नसे. पोस्टमन पडवीत बसून रोकड मोजी, म्हातारी साक्षीदारासमक्ष अंगठा उठवी, मनीऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमनच वाचून दाखवी. कुपन घरी राही आणि अंगठ्याची पोचपावती मुंबईस परत जाई. निरक्षर आई आणि परगावचा मुलगा यांच्यामधला एवढाच लेखी व्यवहार, आणि तो किती चोख होता!

परंतु वर्षानुवर्षे बिनचूक पैसे पाठवूनही त्या तरुणाची पत मात्र कोठे नोंदली जात नसे. पगार महिना उलटून गेल्यावर हाती येई, तोवर वाण्याची उधारी चाले, आणि आजारपण किंवा लग्नकार्य उभे राहिले की पठाण सावकाराकडे रुपयास दरमहा आणा, म्हणजे सालिना शेकडा ७५ या दराने, हात पसरावा लागे. गावी तारण ठेवावयास जमीन स्वतःच्या नावावर नसे. गाववाल्यांच्या सामाईक खोलीतील वर्गणी आणि भिशी, हीच त्याची खरी पेढी होती, आणि ती त्याने स्वतः उभारली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या तरुणाच्या उपयोगी पडले असते ते सारे उशिरा आले. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला, बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली. पुढे १९८२ च्या गिरणी-संपाने तर पगारच थांबविला. आणि लहान वयातच कमवू लागणाऱ्याच्या कामी आली असती अशी, दहा वर्षांवरील मुलास स्वतःचे बँकखाते चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली ती २०१४ साली.

महाड-पोलादपूरच्या ज्या घरांतील जुन्या पेटीत मनीऑर्डरीची कुपने पडून असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत जपून ठेवावीत.