टाच न मारता जिंकलेलं पदक

१९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला आठवतात ते खाशाबा जाधव. गोळेश्वरचा पैलवान आणि ते कांस्यपदक. मलाही बरीच वर्षं तेवढंच माहीत होतं. पण त्याच ऑलिंपिकमध्ये एका बाईने आणि तिच्या घोडीने जे केलं, ते आज सांगायचंय.

लिस हार्टेल, डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ मध्ये तिला पोलिओ झाला. वय २३, पोटात बाळ. बाळ सुखरूप जन्मलं, पण लिसचे पाय गुडघ्याखाली कायमचे लुळे पडले.

तरी ती पुन्हा घोड्यावर बसली. चढायला-उतरायला माणसं लागायची. तिचा खेळ होता ड्रेसाज. यात स्वार इशारा करतो आणि घोडा तालात पावलं टाकतो, वळतो, थांबतो. बरेचसे इशारे पायांचे, आणि लिसचे पाय तर हलतच नव्हते! मग ती पाठीने, अंगाच्या भाराने बोलायला लागली. आणि तिची घोडी, ज्युबिली, ते ऐकायला शिकली.

१९४८ पर्यंत ऑलिंपिकची घोडेस्वारी मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांची. १९५२ मध्ये ड्रेसाजमध्ये बायकांना पहिल्यांदाच प्रवेश मिळाला. लिस पुरुषांच्या बरोबरीने उतरली आणि रौप्यपदक जिंकली. सुवर्णपदक विजेत्या स्वीडनच्या हेन्री सेंट सीरने तिला आधार देऊन चौथऱ्यावर चढवलं. १९५६ मध्ये ज्युबिलीवरच पुन्हा रौप्य!

लिसचं पाहून युरोपात घोडेस्वारीतून उपचाराची कल्पना जोर धरू लागली. यात जादू नाही. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते, थोडी फिरतेही. जवळजवळ आपण स्वतः चालताना हलते तशीच. त्यातून तोल सावरायचा सराव होतो.

पण ‘घोडीने तिला बरं केलं’ असं मी म्हणणार नाही. पाय शेवटपर्यंत तसेच राहिले. आपण आजारी माणसाला सांगतो, आधी पहिल्यासारखा हो, मग बघू. ज्युबिलीने ती वाट पाहिली नाही. लिस जशी होती, तशीच तिला समजून घेतली.

भेटू पुढच्या भागात!